रुपयावरचा दोष: टांकसाळीचा की बाजाराचा?

महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडण्यासाठी जपलेले चांदीचे जुने रुपये असतात, आणि ते उजेडात धरून निरखले तर त्यांतला क्वचितच एखादा सर्वांगाने निर्दोष निघतो. एकावर राणीच्या गालावरून बारीक रेघ गेलेली असते, दुसऱ्याच्या कडेचा चंद्रकोरीच्या आकाराचा तुकडा नसतो, तिसऱ्यावर फुलासारखी इवलीशी मुद्रा खोल उमटलेली असते, तर एखाद्याच्या मागच्या बाजूवर अक्षरे चक्क उलटी आणि खोलगट दिसतात. नाणी जमवणाऱ्यांच्या बाजारात यांतल्या काही रुपयांना नेहमीच्या रुपयापेक्षा कितीतरी अधिक किंमत मिळते आणि काही मात्र मोडीच्या भावानेच विकले जातात. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोषांच्या मोलात एवढे अंतर पडते, कारण काही दोष नाणे घडतानाच त्यात आलेले असतात, तर काही ते टांकसाळीबाहेर पडल्यानंतर लोकांच्या हातून त्यावर झालेले असतात.

हा भेद नुसत्या नजरेच्या अंदाजाने ठरवायचा नसतो. टांकसाळीत नाणे ठराविक टप्प्यांनी घडते आणि प्रत्येक टप्प्यावर होऊ शकणाऱ्या चुकाही ठराविकच असतात. म्हणून दोष खरोखर टांकसाळीचा असेल, तर तो कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या कारणाने निर्माण झाला हे सांगता आले पाहिजे, आणि त्या कारणाचे इतर परिणामही त्याच नाण्यावर सापडले पाहिजेत.

रुपया घडतो कसा

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत भारतातली बहुतेक नाणी हाताने पाडली जात. चांदीचे वजनी तुकडे करून, ते ठोकून गोलसर बनवून दोन ठशांमध्ये ठेवले जात. ठसा म्हणजे नाण्यावरील मजकूर उलटा आणि खोल कोरलेला कठीण धातूचा ठोकळा. यांपैकी एक ठसा खाली ऐरणीत पक्का बसवलेला असे आणि दुसरा कारागिराच्या हातात असे. वरून हातोड्याचा घाव पडला की दोन्ही बाजू एकदम उमटत. शेरशाहाने सोळाव्या शतकात रूढ केलेला रुपया, मोगलांचे रुपये आणि पेशवाईतले अंकुशी व चांदवडी रुपये याच रीतीने घडले.

१८३०च्या सुमारास मुंबई आणि कोलकाता येथील टांकसाळींत वाफेच्या शक्तीवर चालणारी यंत्रे आली आणि १८३५च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखासाठी एकसारखा रुपया ठरला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, व्यास सुमारे ३०.५ मिलिमीटर आणि चांदीचे प्रमाण बारांत अकरा भाग, म्हणजे ९१.७ टक्के होते. हा रुपया घडवताना चांदीचा रस ओतून पट्ट्या तयार करत, त्या पट्ट्या रुळांमधून लाटून हव्या तेवढ्या पातळ करत आणि त्यांतून यंत्राने गोल चकत्या कापत. मग चकतीची कड दाबून किंचित उभारली जाई आणि चकती तापवून मऊ केली जाई. अखेरीस ती दोन ठशांमध्ये येई तेव्हा तिच्याभोवती पोलादी कडे असे. दाबाखाली पसरणारी चांदी या कड्याला भिडून थांबे आणि कड्याच्या आतल्या खाचा तिच्या कडेवर उमटत. रुपयाच्या कडेवरच्या उभ्या रेघा अशा तयार होतात.

या साऱ्या क्रियेवरून दोषांचे तीन काळ ठरतात. पहिला चकतीचा, दुसरा ठसा आणि त्याचा आघात यांचा, आणि तिसरा नाणे चलनात गेल्यानंतरचा. पहिल्या दोन काळांतले दोष टांकसाळीच्या चुकांत मोडतात आणि तिसऱ्या काळातले सर्व दोष नुकसानीत मोडतात.

चूकही नव्हे आणि नुकसानही नव्हे

या वर्गवारीपूर्वी काही गोष्टी बाजूला काढाव्या लागतात, कारण ज्याला दोष म्हणायचे ते मुळात त्या नाण्याचे नेहमीचेच रूप असू शकते. हाताने पाडलेल्या रुपयाचे ठसे बहुधा चांदीच्या तुकड्यापेक्षा मोठे असत, त्यामुळे ठशावरचा मजकूर नाण्यावर पूर्ण उतरतच नसे. एखाद्या अंकुशी रुपयावर अर्धेच शब्द दिसतात किंवा आकृती एका बाजूला सरकलेली असते म्हणून तो दुर्मीळ ठरत नाही, कारण त्या जातीचे बहुतेक रुपये तसेच असतात.

पंचम जॉर्जच्या १९११च्या रुपयाचे उदाहरणही असेच आहे. राजाच्या वस्त्रावरील मानचिन्हांत कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा भासला, त्यावरून असंतोष निर्माण झाला आणि १९१२च्या नाण्यांवर ती आकृती सुधारून घेण्यात आली. हा आराखड्यातला दोष होता आणि त्या वर्षीच्या प्रत्येक रुपयावर तो आहे. टांकसाळीची चूक म्हणजे ज्यामुळे एखादे नाणे आपल्या जातीच्या इतर नाण्यांहून वेगळे पडते ती गोष्ट होय. याच कारणाने पंचम जॉर्जच्या रुपयावर सालाखालच्या कमळात दिसणारा उठावाचा ठिपका ही ठशाची खपली नसून मुंबई टांकसाळीची खूण आहे, आणि १८६२ साल असलेल्या मुंबईच्या रुपयांवर सालाखाली आढळणारे ठिपकेही मुद्दाम घातलेले आहेत. १८६२ हे साल ठशांवर पुढे अनेक वर्षे तसेच ठेवले गेले आणि ते रुपये प्रत्यक्षात कोणत्या वर्षी पडले हे या ठिपक्यांवरून ओळखता येते, असे अभ्यासक मानतात.

मुद्दाम केलेल्या बदलाचे सर्वांत मोठे उदाहरण नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडले. तिथल्या साठ्यात क्षत्रप राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची चिन्हे पुन्हा ठोकून घेतलेली होती. नहपानाचा चेहरा आणि त्यावर आडवी-तिडवी पडलेली सातवाहनांची चिन्हे एकत्र पाहिली की नाणे खराब झाल्यासारखे वाटते, परंतु तो एका राजाने दुसऱ्याचे चलन आपलेसे केल्याचा अधिकृत पुरावा आहे.

चकतीचे दोष

कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेला रुपया कापलेला आहे की जन्मतःच तसा आहे, हा संग्राहकांपुढचा नेहमीचा प्रश्न असतो. लाटलेल्या मोठ्या पोळीवर वाटी दाबून पुऱ्या पाडताना वाटी चुकून आधीच्या भोकावर थोडीशी आली, तर नव्या पुरीची एक बाजू कोरीसारखी कमी राहते. चांदीची पट्टी यंत्रात पुरेशी पुढे सरकली नाही, तर चकतीच्या बाबतीत नेमके असेच घडते. अशी अपुरी चकती पुढे कड उभारण्याच्या यंत्रात जाते, तेव्हा ज्या ठिकाणी तुकडा नाही त्याच्या बरोबर समोरच्या कडेवर पुरेसा दाब पडत नाही, कारण तिला पलीकडून आधार देणारी चांदीच तिथे नसते. म्हणून खऱ्या अपुऱ्या चकतीच्या रुपयावर तुटीच्या अगदी समोरचा काठ बहुधा पुसट किंवा बसका असतो. शिवाय आघाताच्या वेळी चांदी त्या रिकाम्या जागेकडे थोडी ओढली गेल्याने तुटीजवळची अक्षरेही तिकडे ताणलेली किंवा फिकट दिसतात.

कोणी चांदी चोरण्यासाठी किंवा नवलाई निर्माण करण्यासाठी तयार रुपयाचा तुकडा नंतर कापला असेल, तर यांपैकी काहीही आढळत नाही. समोरचा काठ ठसठशीत असतो, अक्षरे थेट कापापर्यंत पूर्ण उठावाची असून तिथे एकदम तुटतात, आणि कापाच्या भिंतीवर कानस किंवा कात्री यांचे ओरखडे दिसतात. वजन दोन्हींत कमीच भरते, त्यामुळे या बाबतीत तराजूचा उपयोग होत नाही.

चकतीचा दुसरा दोष म्हणजे पापुद्रा. चांदीचा रस ओतताना त्यात वायूचे बुडबुडे किंवा मळ अडकला, तर लाटताना ती जागा चपटी होऊन धातूत थर पडतात आणि पुढे एखादा पातळ थर सुटून येतो. थर आघातापूर्वीच निघाला असेल तर खोलगट जागेतही नक्षी उमटलेली दिसते, आणि नंतर निघाला असेल तर खालचा पृष्ठभाग खडबडीत असून त्यावर लाटण्याच्या दिशेने गेलेल्या समांतर रेषा असतात. खरवडलेल्या जागेत मात्र हत्याराची दिशा कळते आणि बाजूला सरकलेल्या चांदीची बारीक वर आलेली कोर असते.

ठशाचे दोष

ठशावर जे खोल असते ते नाण्यावर उठून येते आणि ठशावर जे उंच असते ते नाण्यावर खोल जाते. राणीच्या गालावरच्या रेघेचा उलगडा या एका नियमाने होतो. हजारो आघातांनी ठशाला तडा गेला, की त्या तड्यात चांदी शिरते आणि नाण्यावर उठावाची रेघ तयार होते. ही रेघ बहुधा काठापासून निघून एका अक्षरातून दुसऱ्या अक्षरात जाते आणि मोकळ्या जागेतून व आकृतीवरून न थांबता वाहते. याउलट ओरखडा नाण्यावर खोल असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना चांदीची धार वर आलेली असते, आणि तो उंच भागांवर ठळक होत जाऊन दोन अक्षरांमधल्या खोलगट जागेत फिकट पडतो. नाणे तिरप्या उजेडात फिरवून सावली कोणत्या बाजूला पडते ते पाहिले, म्हणजे रेघ वर आहे की खाली हे भिंगाने सहज कळते.

तडा वाढत जाऊन ठशाच्या कडेचा तुकडाच पडला, तर तिथे चांदीचा निराकार फुगवटा येतो. त्या ठिकाणी चांदीला रोखणारा ठसा नसल्यामुळे मागच्या बाजूची त्याच जागेची नक्षी अपुरी उमटते. कडेला फुगवटा आहे आणि मागची नक्षी मात्र पूर्ण ठसठशीत आहे असे आढळले, तर तो ठोका किंवा डाग देऊन चिकटवलेली चांदी असल्याचा संशय घ्यावा लागतो. दोन ठशांमध्ये चकती न येता ते एकमेकांवर आपटले, तर एका ठशाच्या आकृतीची पुसट बाह्यरेषा दुसऱ्यावर उमटते आणि पुढच्या नाण्यांवर राणीच्या मस्तकाभोवती मागच्या बाजूच्या नक्षीची उलटी छटा दिसू लागते.

अक्षरे दुहेरी दिसण्याचे प्रकरण अधिक नाजूक आहे. ठसा तयार करतानाच त्यावर आकृती दोनदा आणि किंचित सरकून उमटली असेल, तर नाण्यावर दोन्ही प्रतिमांना स्वतंत्र गोलाई असते, अक्षरांच्या टोकांशी स्पष्ट फाटा दिसतो आणि त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तोच दुहेरीपणा तंतोतंत आढळतो. आघातानंतर ठसा उचलला जाताना नाण्यावर घासला, तर अक्षराच्या बाजूला सपाट पायरी पडते आणि मूळ अक्षर तेवढे बारीक होते. हा दुसरा प्रकार टांकसाळीत घडलेला असला, तरी तो फार साधारण असल्याने संग्राहक त्याला वेगळे मोल देत नाहीत. हाताने पाडलेल्या रुपयावरचा दुहेरी मजकूर बहुधा दुसऱ्या घावाच्या वेळी तुकडा सरकल्यामुळे आलेला असतो, आणि तिथे पहिल्या घावाची अक्षरे दुसऱ्या घावाखाली चेपलेली दिसतात.

आघाताच्या वेळच्या चुका

चकतीभोवतीचे पोलादी कडे जागेवर नसेल, तर चांदी मोकळेपणाने पसरते आणि रुपया नेहमीपेक्षा रुंद होतो. त्याच्या कडेवर रेघा नसतात, पण वजन पूर्ण ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरते. कोणी रुपया नंतर हातोडीने ठोकून रुंद केला, तरी वजन तेवढेच राहते, परंतु तेव्हा उठावाची नक्षी चेपते आणि कडेवरच्या रेघांचे दबलेले अवशेष कुठेतरी उरतात. कानशीने घासून रेघा काढल्या असतील, तर व्यास वाढण्याऐवजी घटतो आणि वजनही कमी होते.

चकती ठशांच्या मध्यभागी न येता बाजूला पडली, तर आकृती सरकते आणि समोरच्या बाजूला कोरी कोर राहते. त्या कोऱ्या भागाला ठशाचा दाब मिळालेला नसतो, त्यामुळे तिथे नक्षीचा मागमूस नसतो आणि पृष्ठभाग चकतीचा मूळचाच असतो. नक्षी घासून असा भाग बनवला असेल, तर ती जागा पातळ झालेली असते आणि तिथे घासल्याच्या एकाच दिशेच्या रेषा सापडतात.

उलट्या आणि खोलगट अक्षरांचा रुपया हा या सर्वांत लक्षवेधी प्रकार आहे. भारतीय संग्राहक अशा नाण्याला ‘लखी’ म्हणतात. पाडलेले नाणे खाली न पडता एका ठशाला चिकटून राहिले आणि तसेच पुढची चकती आत आली, की तिच्या एका बाजूवर दुसऱ्या ठशाची नेहमीची नक्षी उमटते आणि दुसऱ्या बाजूवर चिकटलेल्या नाण्याची उघडी बाजू उलटी व खोल उतरते. चिकटलेल्या नाण्याची उघडी बाजूही त्या दुसऱ्या ठशानेच घडलेली असल्यामुळे खऱ्या लखीवर दोन्हीकडे एकच नक्षी असते, एकीकडे सुलटी आणि उठावाची, दुसरीकडे उलटी आणि खोल, तर तिथे असायला हवी होती ती नक्षी पूर्णपणे गैरहजर असते.

खोटी लखी बनवण्यासाठी तयार रुपया दुसऱ्या नाण्यासह शेगड्यात, म्हणजे लोहाराच्या पकडीत, घट्ट दाबला जातो. अशा वेळी उलटी अक्षरे उमटतात खरी, पण ती आधीच्या नक्षीच्या डोक्यावर बसतात, मूळ आकृतीचे अवशेष त्यांच्यामधून डोकावतात आणि ज्या बाजूवर दाब पडला तिचे उंच भाग सपाट झालेले दिसतात. एकाच बाजूवर सुलटी आणि उलटी अशी दोन्ही नक्षी आढळली, तर ते काम टांकसाळीबाहेरचे आहे असे मानावे.

बाजाराच्या खुणा

रुपयावरची फुले, चांदण्या, ठिपके किंवा बारीक अक्षरे यांच्या खोल मुद्रा बहुधा सराफांच्या असतात. १८३५पूर्वी निरनिराळ्या संस्थानांचे आणि निरनिराळ्या सालांचे रुपये एकाच बाजारात चालत, त्यांच्या चांदीचा कस वेगवेगळा असे आणि सराफ त्यानुसार त्यांवर बट्टा, म्हणजे दर्शनी मोलातली कपात, ठरवत. पारखलेल्या रुपयावर सराफ आपली बारीक खूण ठोकी आणि आत हलका धातू तर नाही ना, हे पाहण्यासाठी कडेला छेदही देई. या खुणा मूळ नक्षीला तोडून खोल जातात, एकाच नाण्यावर वेगवेगळ्या हातांच्या असू शकतात आणि मागच्या बाजूला त्या जागी किंचित उंचवटा किंवा चेपलेपणा येतो. यंत्राने पाडलेल्या रुपयावर आरपार सरळ आणि खोल काप आढळला, तर तो सरकारी खात्याचाही असू शकतो, कारण १९०६च्या नाणे कायद्याने वजनात घटलेली व खोटी नाणी कापून बाद करण्याचा अधिकार ठराविक अधिकाऱ्यांना दिला होता.

दागिन्यांत गेलेला रुपया वेगळ्या खुणा बाळगतो. माळेत ओवण्यासाठी लावलेली कडी काढली, तरी काठावर डागाचा, म्हणजे जोडकामाच्या मिश्रधातूचा, थोडा वेगळ्या रंगाचा थर राहतो आणि तेवढ्याच भागात कडेच्या रेघा बुजलेल्या असतात. ही बुजलेली जागा ठशात मळ अडकल्याने आलेली नाही हे सहज कळते, कारण मळाने अडलेली नक्षी कमी उमटते, परंतु तिच्यावर परका धातू चढत नाही.

पुरलेल्या चांदीवर क्षारांचा परिणाम होऊन ती ठिसूळ बनते आणि तिला तडे जातात. हे तडे हाताने पाडलेल्या रुपयाच्या कडेच्या फाटीसारखे भासतात. आघाताने आलेली फाट मात्र काठापासून आत निमुळती होत जाते आणि तिच्याजवळची नक्षी फाटीबरोबर ताणलेली असते, तर ठिसूळपणाचा तडा नक्षीची पर्वा न करता वेडावाकडा जातो आणि त्याच्या कडांना खरखरीतपणा असतो.

तपासणीचा क्रम

परीक्षेसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग, शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू, व्यास मोजण्याचे साधन आणि त्याच जातीचा एक निर्दोष रुपया एवढे पुरते. आधी धातूची खात्री करून घ्यावी. ९१.७ टक्के चांदीचा पूर्ण वजनाचा रुपया दोऱ्याने पाण्यात बुडवून तोलला, तर त्याचे वजन सुमारे १.१३ ग्रॅमने कमी भरते, आणि हा फरक बराच जास्त आला तर धातू हलका आहे. १९४०पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली आणि उरलेल्या भागात तांबे, निकेल व जस्त आले, त्यामुळे त्या रुपयांना हा आकडा लागू पडत नाही. ओतीव नकली रुपयाच्या कडेवर साच्याच्या जोडाची रेघ आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे शोधावीत.

> थोडक्यात: पाच प्रश्न
>
> १. या जातीच्या सर्वच नाण्यांवर हे आढळते का? आढळत असेल तर ते नाण्याचे नेहमीचे रूप आहे.
>
> २. रेघ उठावाची आहे की खोल? उठावाची असेल तर ठशाचा विचार करावा, खोल असेल तर ओरखड्याचा.
>
> ३. चांदी गेली आहे, सरकली आहे की तिथे कधी नव्हतीच?
>
> ४. मागच्या बाजूला किंवा समोरच्या काठावर याचा जोडीदार परिणाम आहे का?
>
> ५. हा दोष टांकसाळीच्या कोणत्या टप्प्यावर घडला, हे एका वाक्यात सांगता येते का? येत नसेल तर तो नुकसान समजावा.

या सर्व प्रश्नांची उत्तरे पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खुणांत दडलेली असल्यामुळे रुपया तपासण्यापूर्वी तो रांगोळी, चिंच किंवा पॉलिशने घासून चकचकीत करण्याइतकी घातक गोष्ट दुसरी नाही. चांदीवर काळसर थर चढतो तो हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे. जुना काप आणि भोवतीचा पृष्ठभाग यांवर तो सारखाच चढलेला असतो, तर अलीकडे केलेल्या कापाचा रंग भोवतालच्या चांदीशी जुळत नाही. थर घासून काढला की हा कालक्रम नाहीसा होतो आणि टांकसाळीची खरी चूक असलेला रुपयाही संशयास्पद ठरतो. दोष बाजाराचा निघाला तरी नाणे निरर्थक होत नाही, कारण सराफी खुणांवरून ते चलनात किती हातांतून गेले आणि त्याची पारख किती वेळा झाली हे अभ्यासकांना कळते. मात्र टांकसाळीची चूक म्हणून त्याची किंमत मागायची असेल, तर वरच्या पाचव्या प्रश्नाचे उत्तर विकणाऱ्याजवळ असले पाहिजे.